किल्ली फोडली म्हणता, मग अवयव दाखवा

संपादक महोदय,

‘क्वांटम संगणकाने बँकांचे एन्क्रिप्शन फोडले’ असा संदेश गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका मुदत ठेव मोडावी का, हे विचारायला थेट माझ्या दारात आले. या संदेशामागची बातमी ऑक्टोबर २०२४ मधील असून शांघाय विद्यापीठातील संशोधकांनी डी-वेव्ह कंपनीच्या क्वांटम यंत्राच्या साहाय्याने २२ बिटांच्या संख्येचे अवयव पाडले, एवढाच तिचा गाभा आहे. अवयवांचा इथे संबंध असा: माहितीला कुलूप लावणारी ‘आरएसए’ ही एन्क्रिप्शन पद्धत दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे; त्या गुणाकाराचे अवयव सापडले की कुलूप उघडते. बिट म्हणजे संगणकाच्या शून्य-एकच्या लिपीतला अंक; असे २२ बिट म्हणजे आपले सात अंक. काकांसमोरच मी २५०७६५१ ही तेवढ्याच लांबीची संख्या नववीतल्या नातीला दिली; ती दोनपासून एकेका मूळ संख्येने कॅल्क्युलेटरवर भागत गेली आणि २२९व्या भागाकाराला १४४७ ने नि:शेष भाग गेला. तेवढ्यात आमचा दोनदा चहा झाला.

प्रत्यक्ष वापरातली आरएसए किल्ली बहुधा २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी असते. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी आव्हान-संख्या (कोणीही अवयव पाडून दाखवावेत म्हणून जाहीर केलेली संख्या) फोडली गेली, ती नेहमीच्याच संगणकांवर. पण प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या एकाच घटकावर, ते काम केले असते तर सुमारे २७०० वर्षे लागली असती.

असा दावा तपासायला तज्ज्ञ लागत नाही. आरएसए-२०४८ ही आव्हान-संख्या जगजाहीर आहे. दावेदाराने आपली युक्ती खुशाल गुप्त ठेवावी, फक्त दोन अवयव द्यावेत, गुणाकार कोणीही करून पाहील. २०२१ मध्ये क्लाउस श्नोर यांच्यासारख्या नामवंत गणितज्ञानेही आपली पद्धत आरएसए उद्ध्वस्त करते असे लिहिले होते, मात्र अवयव काही पुढे आले नाहीत. याउलट जुलै २०२२ मध्ये कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी ‘साइक’ ही, क्वांटम संगणकालाही दाद देणार नाही अशी मानली जाणारी एन्क्रिप्शन पद्धत फोडली, तेव्हा साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात चालणारा प्रोग्रामच त्यांनी सर्वांसमोर ठेवला.

धोका मुळीच नाही, असे माझे म्हणणे नाही. पुरेसा मोठा क्वांटम संगणक आरएसए फोडू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले आहे आणि अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकापुढेही टिकतील अशा पर्यायी पद्धतींची मानकेही जाहीर केली आहेत. आपल्या बँका त्यांकडे केव्हा वळणार, यावर आपण सविस्तर लिहिल्यास मी आवर्जून वाचेन. तूर्त विनंती एवढीच की, पुढच्या वेळी असे वृत्त छापताना फोडलेली संख्या किती अंकी होती, हे मथळ्यातच द्यावे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
मुलुंड (पूर्व), मुंबई