एका माणसाला एकच साहेब

नागपूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

हिंगण्याच्या शेडमध्ये माणसं चांगली आहेत, पण काम हलत नाही, असं तू परवा फोनवर म्हणालीस. हलेल कसं? तू वेल्डरला सांगतेस रेलिंग आधी, काका सांगतात गेट आधी, दादाचं तिसरंच. त्यानं ऐकायचं कोणाचं? मग तो चहाला निघून जातो. मी असतो तर मीही गेलो असतो.

माझी सारी नोकरी उमरेडकडच्या कोळसा खाणीत गेली. तेव्हाच्या 1952 च्या खाण कायद्यानुसार खाणीला मॅनेजर एकच असे. आणीबाणी सोडली तर कायद्यानं नेमून दिलेल्या कामांबाबत त्याच्या हाताखालच्या माणसाला खुद्द मालकही परस्पर हुकूम देऊ शकत नसे, मॅनेजरमार्फतच द्यावा लागे. खाली दोन हुकूम गेले की जिवावर बेततं. तुझ्याकडे फार तर डिलिव्हरी चुकेल, पण रोग तोच.

मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवतात ती चौदा तत्त्वं मांडणारा फ्रान्सचा आंरी फायोलही कोळसा खाणीतलाच इंजिनिअर. 1861 साली त्याच्या खाणीत गाडी ओढणाऱ्या घोड्याचा पाय मोडला. त्यानं दुसरा घोडा मागवला, तर तबेलेवाला म्हणे डायरेक्टरची सही आणा. डायरेक्टर बाहेर, आणि त्यांच्यामागे सही कोणी करायची हे ठरलेलंच नाही. काम बंद! त्याचं तत्त्वांचं लिखाण आलं 1916 मध्ये. त्या चौदातली दोनच सध्या तुझ्या कामाची: माणसाला वरिष्ठ एक, आणि जबाबदारी दिली की तेवढा अधिकारही द्यायचा. बाकीची परीक्षेपुरती असू दे.

तू पुण्याला गेलीस की गॅसचं सिलिंडर संपतं आणि तुझा फोन लागेपर्यंत सगळे बसून राहतात. सुपरवायझरला पाच हजारांपर्यंतची खरेदी स्वतः करू दे. आणि त्यानं केली की "विचारलं काहून नाही?" म्हणून ओरडू नकोस, एकदा ओरडलीस की तो पुन्हा कधी सही करणार नाही.

काकांचं अवघड आहे. पैसा त्यांचा, तेव्हा महिन्याचा हिशेब त्यांना वेळेवर मिळायलाच हवा, न मागता. पण शेडमधला निरोप तुझ्यामार्फत. चार दिवस फुगतील, फुगू देत. हे तूच बोल, मला मध्ये घालू नकोस. नाहीतर साहेब चार होतील. शनिवारी घरी येशील तेव्हा भागीदारीचा करार सोबत आण. त्यात कोणाचं काम काय, हे लिहिलंय का ते बघू.

तुझा,
बाबा