आकडा मागितलात, त्याबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदला.

2020 चा जानेवारी. आईला जाऊन चार महिने झाले होते. सहा वर्षं तिची अंथरुणातली सगळी उठाठेव मी केली, आणि ती गेल्यावर हाताला कामच उरलं नाही. लोक आले नाहीत असं नाही. एकीने सांगितलं, ‘आता जरा स्वतःसाठी जग.’ एकाने आनंदी राहण्याच्या शिबिरात माझं नाव घातलं. तिथे आरशापुढे उभं करून ‘मी सुखी आहे’ असं एकवीस वेळा म्हणवून घेतलं. एक समुपदेशक बाई माझ्यापेक्षा घड्याळाकडे जास्त बघायच्या. सगळ्यांचा सल्ला एकच, स्वतःकडे बघ. अहो, स्वतःचाच तर वीट आला होता मला!

रात्री गच्चीत जाऊन बसायचे, तर त्यावरही कुजबुज. तुम्ही दुर्बीण न घेता, एक वही आणि लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन आलात. ‘कशा आहात’ विचारलं नाहीत. विचारलंत, ‘डोळे कसे आहेत तुमचे?’ मग मृग नक्षत्रातली लाल तारका, काक्षी, दाखवलीत. एरवी ती रोहिणीपेक्षा चांगली उजळ असते, त्या हिवाळ्यात तिच्याहूनही मंद झाली होती. तिच्या आसपासच्या ताऱ्यांच्या तेजाचे आकडे तुमच्या तक्त्यावर होते, दशांशचिन्हाशिवाय, कारण ते टिंब तारा वाटू शकतं. आकडा मोठा तितका तारा मंद, एवढं समजावलंत आणि म्हणालात, ‘सांगा, किती?’

मी बराच वेळ टक लावून पाहिलं आणि 1.2 म्हटलं. तुमच्या वहीत त्या रात्रीचा तुमचा आकडा आधीच होता, 1.5. तुम्ही त्याच्याखाली, तेवढ्याच ठसठशीत अक्षरात, शाईने 1.2 लिहिलंत आणि पुढे माझी आद्याक्षरं. मी घाबरून म्हटलं, ‘खोडा ते, चुकलं असेल.’ तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. ‘दिसलं ते लिहायचं. दुसऱ्याचं बघून बदललं की ते निरीक्षण राहत नाही.’

लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो आहे त्याहून उजळ भासतो, ओझरती नजर टाकायची असते, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी सांगितलंत. म्हणजे माझं का चुकलं ते त्याच रात्री तुम्हाला कळलं होतं. तरी 1.2 तसंच राहिलं. काका, मी अडले होते ती इथे. चार महिने जो तो मला काहीतरी देत होता. मागितलंत फक्त तुम्ही.

नोंदणीची कटकट सोडते. रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची ती अमेरिकन संघटना 1911 पासून जगभरच्या हौशी लोकांचे आकडे जमवतेय, कोट्यवधी झालेत. त्या हिवाळ्याचा काक्षीचा आलेख तुम्ही पडद्यावर उघडलात तेव्हा ठिपक्यांची एक दाट माळ फेब्रुवारीपर्यंत खाली घसरत गेली होती आणि पुन्हा वर चढली होती. कुणाकुणाच्या गच्चीतले, अंगणातले ठिपके. माझा एक माळेच्या जरा वर, एकटा. मला हसूच आलं. कितीतरी महिन्यांनी. त्या तारकेने स्वतःच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन तिच्याआड आली होती, हे नंतर शास्त्रज्ञांनी सांगितलं. त्यात माझ्या 1.2 चा काडीचाही उपयोग झाला नसणार. पण मोजणाऱ्यांत मी होते.

असली माणसं कमीच असतात, जी उपकार करतात आणि वर आपल्यालाच त्यांचं काम केल्यासारखं वाटू देतात. शिबिरवाल्यांनी पावती तेवढी वेळेवर दिली होती.

मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवू नका. तोवर वही माझ्याकडे आहे. काल ढग उशिरा हटले, साडेदहाला पाहिलं. काक्षी 0.6. टक लावली नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची