उमेदवारी म्हणजे शिक्षा नव्हे

महोदय,

शाळा संपली की पदवीच घ्यायची, असं घराघरांत आधीच ठरलेलं असतं. फिटर, वेल्डर होणं म्हणजे जणू मार्क कमी पडल्याची शिक्षा! स्वित्झर्लंडमध्ये मात्र सुमारे दोन तृतीयांश मुलं शालेय शिक्षणानंतर उमेदवारीच्या, म्हणजे प्रत्यक्ष काम करत व्यवसाय शिकण्याच्या, वाटेने जातात. आठवड्याचे तीन-चार दिवस प्रत्यक्ष काम, उरलेले वर्गात, आणि शिकतानाच वेतन. वेल्डिंगचा आर्क (धातू वितळवणारी विजेची ज्योत) नीट लागलाय की नाही, हे मुरलेला वेल्डर नुसत्या आवाजावरून ओळखतो. तो कान पुस्तक वाचून तयार होत नाही. अर्थात, शिकाऊ मुलाला झाडू मारायला नि चहा आणायला ठेवणारे मालकही आहेतच. म्हणून कोणत्या यंत्रावर, कोणाच्या हाताखाली आणि किती काळ शिकवणार, हे पालकांनी करारातच लिहून घ्यावं.

– एक निवृत्त फिटर