खाल्लेली पानं राहू देत

भोर,
18 मे

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शाळेमागची मोकळी जागा बागेसाठी मिळाली, हे वाचून फार आनंद झाला. रोपवाटिकेतून काय आणू, असं तू विचारलंयस. माझं एकच मागणं आहे, शोभेची झाडं आणू नकोस. क्रोटन आणि पाम लावले की फोटो छान येतात, पण त्यांच्यावर आपल्याकडचे किडे फारसे फिरकत नाहीत. मग मुलांनी बघायचं काय? बाग शिकण्यासाठी हवी असेल तर तिची पानं कुणीतरी खाल्ली पाहिजेत.

आमच्याकडे पोषण आहारानंतर हात धुतल्याचं पाणी जिथे जातं, तिथे कढीपत्ता आणि लिंबू लावलंय. त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. लहानपणी त्या थेट पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, पुढे हिरव्यागार होतात. काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. चौथीच्या परिसर अभ्यासात फुलपाखराचा जीवनक्रम आहेच, पण झाडावर तो बघितलेल्या पोराला पाठ करावा लागत नाही. साधारण महिन्याभरात अंड्याचं फुलपाखरू होतं, म्हणजे एका चाचणीपासून दुसरीपर्यंत सगळं उरकतं. अळ्या दिसल्या की कुणीतरी फवारणीचा पंप घेऊन येईल. त्याला आधीच समजावून ठेव.

कुंपणाला रुई असू दे. तिच्या पानांवर वाढणारी अळी चिकातलं विष अंगात साठवते, म्हणून पुढे त्या नारिंगी फुलपाखराला पक्षी टाळतात. गंमत म्हणजे दुसऱ्या एका जातीची मादी हुबेहूब तेच रूप घेऊन स्वतःला वाचवते! एवढ्या एका झुडपावर विज्ञानाचे किती तास होतील, बघ. मात्र चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून रुई खेळाच्या जागेपासून लांबच लाव.

आता तुझ्या सांगोल्याचं बोलू. माझी यादी तू जशीच्या तशी उचलू नकोस. इथे सह्याद्रीच्या कुशीत पांगारा, उंबर, बहावा सहज येतात. तुमच्याकडे पाऊस कमी. बोर, हिवर, बाभूळ, नेपती ही झाडं तिथली माणसं ओळखतात, तीच घे. आणि सगळी जागा झाडांनी भरू नकोस, हे मी मनापासून सांगतोय. तुमच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, ते माळरानाच्या जोरावर. गवताला ओसाड समजून त्यावर झाडं लावली तर चंडोलासारख्या जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांनी जायचं कुठे? एक तुकडा पवन्या, कुसळी आणि मारवेल या गवतांसाठी सोड. कुसळीचं बी ओलं झालं की पीळ सुटून जमिनीत कसं शिरतं, ते मुलांना हातात घेऊन बघू दे.

पालक सापाचं विचारतील. त्यांची भीती खरी आहे, तिला हसू नये. वर्गांपासून थोडं अंतर ठेव, वाट स्वच्छ ठेव, दगडांचा ढीग भिंतीला लावू नकोस. पालापाचोळा मात्र जाळू नकोस, झाडांच्या बुडाशी पसर. पक्ष्यांसाठी पाण्याचं उथळ मातीचं भांडं ठेव आणि दर दोन दिवसांनी पाणी बदल, नाहीतर डास होतील.

रोपांसाठी तालुक्याला धावू नकोस. पावसाआधी मुलांना आणि एखाद्या जाणत्या मेंढपाळाला घेऊन रानात जा आणि तिथलंच बी गोळा कर. झाडांची गावठी नावं त्याच्याकडूनच लिहून घे, पाट्यांवर तीच घाल. सुट्टीत पाणी कोण घालणार, हे मात्र आधी ठरव. शाळेजवळ राहणारी दोन घरं तयार झाली तर बाग जगेल.

दिवाळीच्या सुट्टीत येतो, तेव्हा मुलांची निरीक्षणाची वही मला वाचायची आहे. वहिनींना नमस्कार, चिमुरड्यांना गोड पापा.

तुझाच,
विलास