फोटोतल्या त्या जटा नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारच्या पुरवणीत पुण्यात शिकणाऱ्या परदेशी मुलामुलींवर आलेला लेख वाचला. लेख आपुलकीनं लिहिलेला आहे. पण त्यातल्या मोठ्या फोटोखाली ‘जटा राखलेली आफ्रिकन विद्यार्थिनी’ असं छापलंय, आणि आत एक वाक्य आहे की या मुलींच्या ‘केसांना महिनोन्‌महिने पाणी लागत नाही’. दोन्ही गोष्टी चूक आहेत. कोंढव्यात २००३ पासून माझं पार्लर आहे आणि आफ्रिकेतून इथं शिकायला आलेल्या कितीतरी मुलींचे केस माझ्या हाताखालून गेले आहेत, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तो फोटो मी खिडकीपाशी नेऊन, चष्मा लावून पाहिला. मुलीच्या डोक्यावर चौकोनी भांग स्वच्छ दिसतात, फरशीच्या सांध्यांसारखे सरळ. प्रत्येक चौकोनातून एक तिपेडी वेणी निघाली आहे. याला बॉक्स ब्रेड्स म्हणतात. शेपटीच्या कंगव्यानं एक चौकोन पाडायचा, त्यातले केस तीन पेडांत वाटायचे, वरून कृत्रिम केसांचा झुपका त्यात मिसळायचा आणि टोकापर्यंत विणत जायचं. शेवटी टोकं गरम पाण्यात बुडवायची, म्हणजे वेणी सुटत नाही. एका डोक्याला सहा-सात तास सहज लागतात. दोन जणी बसल्या तर थोडं लवकर उरकतं. वेण्या सहा ते आठ आठवडे राहतात आणि या काळात डोकं धुतलं जातंच. शाम्पूत पाणी घालून तो चोचीच्या बाटलीत भरायचा आणि भांगाभांगातून सोडायचा. बोटांच्या पेरांनी टाळू चोळायची आणि पाणी निथळू द्यायचं. आपण आठवड्यातून एकदा न्हातो, त्याही तशाच न्हातात.

जट वेगळी. मी फलटणची, नाभिकाच्या घरातली. आमच्या आळीत एक मावशी होत्या, त्यांच्या डोक्यात जट होती. ओझ्यानं मान डावीकडे कललेली, उशीवर धड डोकं टेकता यायचं नाही. कापली तर देवी कोपेल या धाकानं कुणी हात लावायचं नाही. माझे वडील एकदा कात्री घेऊन गेले होते, त्यांना दारातून परत पाठवलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही गावोगाव फिरून, समजूत घालून बायकांच्या जटा सोडवतात. ते फार मोठं काम आहे. पण म्हणूनच ‘जट’ हा शब्द आपल्या वाचकाच्या मनात भीती, मळ आणि आजार घेऊन येतो. तो शब्द त्या मुलीच्या सात तासांच्या विणकामाला लावू नये. ज्याला लॉक्स म्हणतात, म्हणजे केसांच्या कायमच्या गुंफलेल्या दोऱ्या, त्यांनाही लावू नये. लॉक्स माणूस आपल्या खुशीनं राखतो, धुतो, मुळापाशी वळून घेतो आणि नकोसे झाले की कापतो.

आता माझ्या चुकीबद्दल. ती सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलण्याचा हक्क नाही असं मला वाटतं.

२०१३ च्या पावसाळ्यात टांझानियाची एक मुलगी पार्लरमध्ये आली. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. केस खांद्यापर्यंत सरळ, पण मुळाशी दोन बोटं नवी वाढ आलेली, ती घट्ट कुरळी. म्हणाली, “दीदी, एवढं मुळाशी सरळ करून दे.” आमच्याकडे रिबॉन्डिंगचं क्रीम होतंच, रोज लावत होतो. तिच्या केसांवर आधी काय झालंय हे मी विचारलं नाही. क्रीम मुळापासून टोकापर्यंत लावलं, वेळ भरल्यावर तिची मान बेसिनवर टेकवली आणि धुवायला घेतलं. पहिल्याच पाण्यात एक बट माझ्या बोटांत आली. वाटलं, गळालेले केस असतील. पुन्हा हात फिरवला, आणखी आले. नवे कुरळे केस संपून जुने सरळ केस जिथं सुरू होत होते, बरोबर तिथंच तुटत होते, ओल्या शेवयांसारखे. तिचे डोळे मिटलेले होते. पाणी कोमट होतं. तिला अजून काही कळलं नव्हतं. मी नळ तसाच चालू ठेवला, कारण बंद केला की तिला सांगावं लागणार होतं.

पुढे कळलं ते असं. दार-ए-सलाममध्ये तिनं दोन वर्षं रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस कायमचे सरळ करणारं क्रीम, लावला होता. अशा रिलॅक्सरमध्ये बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड किंवा तसाच तीव्र क्षार असतो. केसाला ताकद देणारे जे गंधकाचे बंध असतात, ते त्यानं कायमचे बदलून जातात. आमचं रिबॉन्डिंगचं क्रीम थायोग्लायकोलेटचं. ते तेच बंध आधी तोडतं, मग न्यूट्रलायझर ते पुन्हा जोडतो. रिलॅक्सर झालेल्या केसात पुन्हा जोडायला फारसं काही उरलेलंच नसतं. ही दोन औषधं एकाच केसावर कधीही पडू नयेत. मी केलेल्या डिप्लोमाच्या पुस्तकात या घट्ट कुरळ्या केसांवर एक ओळसुद्धा नव्हती. पण पुस्तकावर ढकलून मी मोकळी होऊ शकत नाही. रात्री वडिलांना फोन केला, तर त्यांनी एवढंच विचारलं, “आधी काय लावलंय, हे विचारलं होतंस का?”

तिच्या गावाकडच्या सरकारी शाळेत मुलींनी केस बारीक कापूनच यायचं असा नियम होता. शाळा सुटल्यावर तिनं आयुष्यात पहिल्यांदा वाढवलेले ते केस होते. हे तिनं मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या दिवशी ती काही बोलली नाही, ओढणी डोक्यावर घेऊन गेली.

दोन दिवसांनी मी पैसे परत करायला तिच्या फ्लॅटवर गेले. तिची केनियाची मैत्रीण दार अडवून उभी राहिली. तिला राग आला होता आणि तो योग्यच होता. मी माफी मागितली आणि म्हणाले, मला हे केस शिकवा. मैत्रीण थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, सोमवारी ये. सोमवारी माझं पार्लर बंद असतं. पुढचे सहा महिने मी दर सोमवारी त्या फ्लॅटवर जात होते.

पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातातला बारीक दातांचा कंगवा काढून घेतला आणि खिडकीत ठेवला. आपण केस कोरडे असताना विंचरतो, मुळापासून खाली. या केसांना तसं केलं की केस प्रत्येक वळणावर तुटतो. हा केस कापून पाहिला तर गोल नसतो, चपटा असतो, आणि ज्या मुळातून उगवतो ते मूळही आतून वाकडं असतं. म्हणून तो स्प्रिंगसारखा वळत बाहेर येतो. टाळूचं तेल आपल्या सरळ केसावरून घसरत शेंड्यापर्यंत जातं. इथं ते पहिल्या दोन-तीन वळणांतच अडकतं, त्यामुळे केस मुळात कोरडा राहतो. आपण त्यालाच ‘राठ’ म्हणतो आणि राठ म्हणून त्याच्यावर आणखी जोर लावतो.

त्या मैत्रिणीनं डोक्याचे चार भाग करून चिमटे लावले. एका भागावर पाणी फवारलं, मूठभर कंडिशनर चोळला आणि आधी नुसत्या बोटांनी गुंता सोडवायला लागली, शेंड्याकडून मुळाकडे. मग मोठ्या दातांचा कंगवा, तोही शेंड्यापासून. माझा हात घाई करायला लागला की ती म्हणायची, “पोले पोले.” स्वाहिलीत त्याचा अर्थ हळूहळू. ओल्या केसाची एक बट तिनं माझ्यासमोर ताणून धरली, ती खांद्याच्या खाली आली. सोडली, तर गुंडाळत जाऊन कानाच्या पाळीपाशी बसली. ‘यांचे केस वाढतच नाहीत’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. केस वाढतात, पण आखडून बसतात, आणि नीट हाताळले नाहीत तर शेंड्याला तुटतात.

तेलाचंही तसंच. मला वाटायचं, कोरडे आहेत ना, मग भरपूर खोबरेल थापावं. ती म्हणाली, तेल म्हणजे पाणी नाही. आधी केस ओला करायचा, त्यावर लीव्ह-इन कंडिशनर, म्हणजे न धुता केसात तसाच ठेवायचा कंडिशनर, लावायचा आणि मग तेल किंवा शिया बटर, म्हणजे आतला ओलावा उडून जात नाही. रात्री सॅटिनची टोपी घालायची, कारण सुती उशी तो ओलावा शोषून घेते आणि केस घासून तोडते. माझ्या पार्लरमध्ये आता सॅटिनचे अभ्रे आहेत. आपल्या कुरळ्या केसांच्या मुलींनीही वापरून पाहावेत.

वेणी घट्ट घातली की चांगली बसते, हाही माझा समज तिनं काढला. कपाळाच्या कडेचे केस सगळ्यात नाजूक. तिथं ताण पडला की आधी बारीक पुळ्या येतात, मग ती कड मागे सरकायला लागते. वेण्या घातल्यावर मुलीला भुवया उंचावता येत नसतील, तर तिथंच सोडून परत घालायच्या.

एक गोष्ट विषयाला थोडी सोडून आहे, पण मनातून जात नाही. त्या फ्लॅटवर एका पुडक्यात विग होता. पुडक्यावर लिहिलेलं होतं, ‘इंडियन हेअर’. माझी आई १९९८ साली तिरुपतीला केस देऊन आली होती. तिथले केस लिलावात विकले जातात आणि जगभरच्या विगांच्या बाजारात जातात, हे मला माहीत होतं. लहानपणी ‘केसावर फुगे’ ओरडत येणाऱ्या बाईला आम्ही कंगव्यात निघालेल्या केसांची गुंडाळी द्यायचो, त्याचंही पुढे तेच होतं. पण ते केस कुणाच्या डोक्यावर जातात आणि का, हा विचार मी कधी केला नव्हता. त्या मुलीला तो विग नोकरीच्या मुलाखतीसाठी हवा होता. स्वतःचे केस घेऊन गेलं तर नोकरी मिळत नाही, असं तिला घरून सांगितलेलं होतं.

हे तिच्या घरच्यांच्या मनाचे खेळ नव्हते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात माणसाचा वंश ठरवायला केसात पेन्सिल खोचून बघत असत. पेन्सिल खाली पडली तर गोरा, अडकली तर गोरा नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात डिसेंबर २०१८ मध्ये कुस्तीच्या सामन्याआधी पंचांनी एका शाळकरी कृष्णवर्णीय मुलाला सांगितलं, लॉक्स काप नाहीतर सामना सोड. सगळ्यांसमोर, आखाड्याच्या कडेला उभं करून त्याचे केस कापले गेले. बरोबर एका वर्षानं, त्याच तारखेला, त्या राज्यानं केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. असा ‘क्राउन’ कायदा सर्वांत आधी २०१९ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियानं केला होता. संपूर्ण देशासाठीचं विधेयक २०२२ मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये झालं नाही. इथं पुण्यात माझ्या एका गिऱ्हाइकाला प्रेझेंटेशनच्या दिवशी कॉलेजमध्ये सांगण्यात आलं, “केस नीट विंचरून ये.” ती आदल्या दिवशी पाच तास माझ्या खुर्चीत बसली होती.

केस सरळ करण्याच्या औषधांबद्दलही सांगायला हवं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ महिलांची सुमारे ११ वर्षं नोंद ठेवली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के आढळलं. रसायनामुळेच कर्करोग झाला हे यातून सिद्ध होत नाही, संबंध दिसला आहे. ही रसायनं वापरणाऱ्यांत सुमारे साठ टक्के कृष्णवर्णीय महिला होत्या. त्या अहवालाची बातमी मी पार्लरच्या आरशाला चिकटवली आहे. कुणी सरळ करून मागितलं तर आधी ती वाचायला लावते, मग तिची मर्जी.

माझ्या दोन विनंत्या आहेत. येत्या शनिवारी त्या फोटोची ओळ दुरुस्त करून छापावी, ‘बॉक्स ब्रेड्स घातलेली विद्यार्थिनी’ अशी. आणि आपल्या राज्यातल्या ब्यूटी पार्लरच्या अभ्यासक्रमात या केसांचा धडा यावा, यासाठी आपण लिहावं. न्यूयॉर्क राज्यानं २०२३ मध्ये कायदा करून सर्व पोताचे केस हाताळायला शिकणं अभ्यासक्रमात आणलं. पुण्यात इतक्या देशांची मुलं शिकतात, आणि त्या धड्याचा उपयोग आपल्या कुरळ्या केसांच्या मुलींनाही होईल. त्यांना आजही पार्लरमध्ये पाऊल टाकल्याबरोबर स्ट्रेटनिंगचा दर सांगितला जातो.

ती टांझानियाची मुलगी पदवी घेऊन परत गेली. तिची मैत्रीणही गेली. जाताना तिनं तिचा मोठ्या दातांचा लाकडी कंगवा मला दिला, तो पार्लरमध्ये आहे. ज्या पार्लरवाल्या भगिनींना हे काम शिकायचं असेल, त्यांनी सोमवारी दुपारी यावं. फी नाही. पत्ता आपल्या कार्यालयाकडे देऊन ठेवते. फक्त येताना चार तास मोकळे ठेवून या, आणि एवढ्यात एक डोकंही पुरं होत नाही.

आपली,
एक पार्लरचालक, कोंढवा, पुणे