कमठ्याला यंत्र कुठवर लावावे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तिरंदाजीच्या इंडियन राउंड प्रकारात मुले बांबूच्या धनुष्याने, म्हणजे कमठ्याने, ३० व ५० मीटरवर नेम धरतात. ही धनुष्ये गावातच तयार व्हावीत, या चांगल्या हेतूने गेल्या उन्हाळ्यात आमच्या कुरखेडा भागात एक प्रशिक्षणवर्ग भरला आणि पहिल्याच दिवशी मुलांच्या हाती विजेचा रंधा दिला गेला. सरावासाठी आणलेल्या धामण झाडाच्या लाकडाच्या सहा पट्ट्यांपैकी चार दोर चढवतानाच मोडल्या. दोष धामणाचा नव्हता. ज्या लाकडाचा कावडीचा दांडा होतो, ते लवायला कमी पडत नाही.

पट्टीचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे १५ मिलिमीटर जाडीच्या भुजेवरून (मुठीच्या दोन्हीकडच्या लवणाऱ्या भागांपैकी एकावरून) केवळ दीड मिलिमीटर लाकूड गेले, तरी तिथला ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो, आणि मग सगळा बाक त्याच जागी येऊन कमठा तिथेच मोडतो. विजेचा रंधा एवढे लाकूड दोन-तीन फेऱ्यांत खातो. साधा रंधा, कानस आणि शेवटी काचेचा तुकडा वापरणारा मात्र चार हात मारले की थांबतो, कमठा खुंटीला अडकवून दोर ओढतो आणि दोन्ही भुजा सारख्या लवतात का ते पाहतो.

मी यंत्राचा वैरी नाही. ओंडक्याचे जादा लाकूड उडवायला मीही ग्राइंडर वापरतो. त्या कामात खांदे मोडून घेण्यात काही पुण्य नाही. मात्र पट्टी काढताना करवत सरळ जाते आणि लाकडाची नस वळत जाते, म्हणून शक्य तिथे पाचर ठोकून फाडलेलेच लाकूड घ्यावे. बांबू तर कोयत्याने आपल्या नसेनेच फाटतो. त्याची दाट तंतूंची बाहेरची बाजू कमठ्याच्या पाठीला, म्हणजे तिरंदाजापासून दूरच्या अंगाला, ठेवावी, तिला हत्यार लावू नये आणि जे तासायचे ते पोटाकडून, म्हणजे तिरंदाजाकडच्या अंगाने, तासावे.

पुढचा वर्ग भरवणाऱ्यांनी निदान पहिले दोन कमठे हाताने करून घ्यावेत आणि यंत्रांच्या पैशांतून प्रत्येक मुलाला एक वाकस, एक रंधा व दोन चांगल्या कानशी द्याव्यात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही, हेही त्यांनी ध्यानात घ्यावे.

आपला,
एक सुतार वाचक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली