बापाचा कागद, आईचं हाड

प्रिय सुध्या,

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच आहे. पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील, त्या पुढच्या भेटीत खाईन. सध्या एक भानगड झालीय आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. घरी विषय काढला तर हिचं एकच, "मेलेल्यांची उठाठेव कशाला?"

आमच्याकडे कागद स्कॅन करायला एक पोरगा येतो, मूळचा बलियाकडचा. मला मोडी येते म्हणजे जगातल्या सगळ्या जुन्या लिप्या येतात अशी त्याची समजूत (बंड्यानेच करून दिली असणार). त्याने मोबाइलवर गयेच्या पंड्याच्या वहीतल्या पानाचा फोटो दाखवला. कैथी अक्षर (बिहारकडची जुनी लिपी), त्यात निम्म्या पानावर कुणाचा तरी अंगठा आलेला. चाचपडत लावलं: बाप, मुलगा, नातू, आणि एका नावापुढे 'पलटन'. हा लाहोरला होता, सत्तावन्न साली गेला तो गेलाच, असं त्यांच्या घरात सांगतात. आता पोरगा हात धुऊन मागे लागलाय. "काका, डीएनए तपासायला मी थुंकी देतो, आमचा माणूस अजनाल्याच्या विहिरीत आहे का तेवढं बघायला सांगा."

अजनाला आठवतं ना? अमृतसरला गेलो तेव्हा मी जाऊ म्हणत होतो आणि तुला वाघा बॉर्डरची परेड बघायची होती. अजून माफ केलेलं नाही. लाहोरजवळच्या मियां मीरच्या छावणीतली २६वी बंगाल नेटिव्ह इन्फंट्री, हत्यारं आधीच काढून घेतलेली. ३० जुलै १८५७ला पळाली, आणि १ ऑगस्टला अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने शिपायांना दहा-दहाच्या टोळीने गोळ्या घालून कोरड्या विहिरीत टाकलं. बुरुजात कोंडलेले ४५ जण तर आतच गुदमरून मेले. हे त्याने स्वतःच मिरवत लिहून ठेवलंय. नावं तेवढी लिहिली नाहीत.

२०१४ साली विहीर उपसली ती हौशी मंडळींनी. हाडांची सगळी सरमिसळ. मग मदार दातांवर. २०२२चा तो पेपर तू वाचला असशीलच: ५० नमुन्यांचा मायटोकाँड्रियल डीएनए, ८५ नमुन्यांचे ऑक्सिजन आयसोटोप. लहानपणी कुठलं पाणी प्यायलास ते दातात राहतं, आणि हे पाणी गंगेच्या खोऱ्याकडचं निघालं. फाळणीतले मृतदेह असतील म्हणणाऱ्यांची तोंडं मिटली. इथवर झकास.

पण पोराला काय सांगू? मायटोकाँड्रियल आईकडून येतो. पोराच्या अंगात त्याच्या आईचा, शिपायाच्या दातात शिपायाच्या आईचा, दोघींचा काडीचा संबंध नाही. जुळवायचं तर शिपायाची बहीण, तिची मुलगी, मुलीची मुलगी, असं आजपर्यंत यायला हवं. आणि वहीच्या त्या पानावर बाईमाणसाचं नाव औषधालाही नाही! आपण पंचवीस वर्षं भांडतोय, तू म्हणणार कागद खोटं बोलतो, मी म्हणणार हाडाला वाचा नसते. इथे दोघंही खरं बोलतायत, पण माझा कागद बापाची गोष्ट सांगतो आणि तुझं हाड आईची.

आणि जुळलं तरी काय? तसला वंश लाखो लोकांत सापडतो. 'नाही' म्हणता येईल, 'हाच' कधीच नाही. तू मला चिडवायला पाठवलेलं ते अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या बेनाम सांगाड्याचं, जेबी ५५चं, प्रकरण वेगळं. तिथे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरून बार्बर आडनाव निघालं, शवपेटीवर खिळ्यांनी अक्षरं होती, १८२६च्या वर्तमानपत्रात मुलाच्या मृत्यूची बातमी होती आणि तिच्यात बापाचं नाव जॉन. आमच्याकडे विहीर, आणि वाय सापडलं तरी आडनाव सिंग नाहीतर तिवारी. कानाच्या आतल्या बाजूच्या त्या टणक हाडातून न्यूक्लियर डीएनए (आई-बाप दोघांकडून येणारा) निघायची आशा कितपत? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको.

मुग्धाचं ठरलं म्हणे, फार छान. तारीख कळव. घराच्या वादाचं काय झालं? वकील बदल बाबा.

तर, पोराची एक फुआ (आत्या) आहे, नव्वदीला आलेली. घरातल्या सगळ्या बायकांची माहेरं-सासरं तिला तोंडपाठ. शिपायाची बहीण घाघरा नदीपलीकडे दिली होती असं ती म्हणते. मी त्याला म्हटलं, थुंकी राहू दे, आधी तिच्याकडून नावं लिहून घे. तो आनंदाने गेलासुद्धा. रविवारी वही घेऊन येतोय, त्याआधी तुझं उत्तर यायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा पाठवलास तर याद राख.

तुझा,
अव्या